सेफ्टी ते कोच: मुलाने ग्रॅज्युएट असिस्टंट व्हावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगा ओहायोतल्या एका विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या संघात सेफ्टी, म्हणजे बचावात सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू, म्हणून आहे, पण स्कॉलरशिपशिवाय, आणि सामन्यात उतरतो तो बहुतेक किकऑफ नाहीतर पंटच्या, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारण्याच्या, वेळी. आता हेड कोच म्हणतायत, पुढच्या हंगामात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचेसच्या हाताखाली काम करणारा, म्हणून राहा. नोकरीची ऑफर हातात आहे, ती सोडायला पोरगा तयार आहे आणि घरात त्यावरून अबोला आहे. बाबांचं म्हणणं, ‘जो स्वतः मैदानात धड उतरला नाही तो दुसऱ्यांना काय शिकवणार?’

मी इकडे अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ विभागात बरीच वर्षं काढली आहेत. ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे आमच्या बोलीत जीए, ही पोरं बहुतेक वेळ आमच्याच खोलीत असतात. त्यामुळे त्यांचं पुढे काय होतं हे जवळून पाहिलंय.

बाबांच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ऐकायला बिनतोड वाटतं, पण या धंद्याचा इतिहास जरा उलटा आहे. तुमच्या मुलाच्याच राज्यातलं उदाहरण घ्या, १९७२ सालचा केंट स्टेटचा संघ. त्या वर्षी त्यांनी मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे त्यांच्या गटातल्या विद्यापीठांची स्पर्धा, जिंकली. संघात जॅक लॅम्बर्ट हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू, होता, जो पुढे पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाकडून चार सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकून हॉल ऑफ फेममध्ये गेला. गॅरी पिंकेल नावाचा टाइट एंड, म्हणजे आक्रमणातला एक खेळाडू, होता. आणि निक सेबन नावाचा एक लहानखुरा डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीतला खेळाडू, होता, ज्याचा शेवटचा हंगाम घोटा मोडल्यामुळे अर्ध्यावर राहिला. या तिघांतला सर्वांत मोठा खेळाडू लॅम्बर्ट, यात वादच नाही. पण तो कोचिंगच्या धंद्यात पडला नाही. पिंकेल मिझुरीचे हेड कोच झाले. आणि सेबन यांच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. आधुनिक कॉलेज फुटबॉलमध्ये तेवढी दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

सेबन यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या घरातला पेच आणि त्यांचा १९७३ मधला पेच फार वेगळे नाहीत.

वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा पट्ट्यात, फेअरमाँटजवळ, वडिलांचा पेट्रोल पंप होता. पोरगा तिथे गाड्या धुवायचा. धुतल्यावर कुठे एक ओघळ दिसला, की वडील तेवढाच भाग पुसू देत नसत, अख्खी गाडी पुन्हा धुवायला लावत. गडद निळ्या आणि काळ्या गाड्या आल्या की जीव जायचा, असं सेबन यांनी कितीदा तरी सांगितलंय. हेच वडील संध्याकाळी आसपासच्या खाणकामगारांच्या पोरांचा संघ चालवायचे. पुढे केंट स्टेटला गेल्यावर, पहिल्याच वर्षाच्या शेवटी, ४ मे १९७० ला नॅशनल गार्डने कॅम्पसवर गोळीबार केला आणि चार विद्यार्थी मारले गेले. सेबन त्या वेळी जेवायला गेले होते, म्हणून त्या जमावात नव्हते.

१९७३ मध्ये बिझनेसची पदवी हातात आली तेव्हा कोच व्हायचा विचार त्यांच्या मनात नव्हता. गाड्यांच्या डीलरशिपच्या धंद्यात शिरायचं ठरत होतं. पण बायकोचं, टेरी यांचं, शिक्षण व्हायला अजून वर्ष होतं, म्हणजे तोवर केंट सोडता येत नव्हतं. तेव्हा हेड कोच डॉन जेम्स यांनी विचारलं, जीए म्हणून राहतोस का? राहिले. त्याच सप्टेंबरात वडील हृदयविकाराने गेले, वय अवघं ४६. सेबन यांनी काम सोडलं नाही, मास्टर्सही पूर्ण केली आणि लाइनबॅकर्सचे कोच झाले.

आता इथून पुढचं मुलाच्या बाबांनी लक्ष देऊन वाचावं, आणि उद्या जी सून येईल तिनेही. १९७७ ला सिराक्यूस. १९७८ ला वेस्ट व्हर्जिनिया. १९८० ला ओहायो स्टेट, आणि तिथून १९८१ चा हंगाम संपल्यावर हकालपट्टी. १९८२ ला नेव्ही, म्हणजे नौदल अकादमीचा संघ. १९८३ ला मिशिगन स्टेट, तिथे जरा पाय टेकले, पाच वर्षं. १९८८ ला व्यावसायिक फुटबॉलमध्ये ह्यूस्टन ऑइलर्स. आणि १९९० ला टोलेडोत पहिल्यांदा हेड कोच. म्हणजे सतरा वर्षं आणि आठवं ठिकाण. टोलेडोला ९ सामने जिंकून २ हरले, कॉन्फरन्सचं विजेतेपद विभागून मिळवलं, आणि एवढं झाल्यावर एकाच हंगामात ती खुर्ची सोडून क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघाकडे बचावाचे कोच म्हणून गेले. त्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसलं? तेच जुने जोडीदार गॅरी पिंकेल. ही दुनिया अशी लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि बढती अर्जापेक्षा ओळखीवर जास्त होते. हे मला आवडतं असं नाही, पण आहे ते आहे.

क्लीव्हलंडला त्यांचे वरिष्ठ होते बिल बेलिचिक, पुढे या खेळातले अतिशय नावाजलेले कोच झाले ते. त्यांचं खेळाडू म्हणून नाव कुणी काढत नाही, वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजात खेळले. १९७५ मध्ये बॉल्टिमोर कोल्ट्सकडे आठवड्याला २५ डॉलरवर लागले तेव्हा कामाचा मोठा भाग म्हणजे फिल्म पाहून नोंदी करणं. वडील नेव्हीत कोच होते, त्यामुळे फिल्म कशी वाचायची हे पोराला लहानपणापासून येत होतं. बाबांच्या वाक्याला माझं हे दुसरं उत्तर.

सेबन आणि बेलिचिक यांनी तिथे जे केलं त्यातून कोचचं डोकं कुठे चालतं हे कळतं, म्हणून जरा खोलात जातो. तुमचा मुलगा सेफ्टी आहे, तो तुम्हाला हे कागदावर काढून दाखवेल. बचावाची एक जुनी पद्धत अशी, की मैदानाचा मागचा भाग तिघांनी तीन पट्ट्यांत वाटून घ्यायचा आणि आपापल्या पट्टीत येईल त्याला धरायचं. प्रतिस्पर्ध्याने चार रिसीव्हर, म्हणजे पास झेलायला पळणारे खेळाडू, सरळ मागे पळवले की तिघांची चौघांशी गाठ पडते आणि एक जण मोकळा सुटतो. पिट्सबर्ग ब्राउन्सविरुद्ध हेच करायचं. मग प्रत्येकाने आपला एकेक माणूस धरून पळावं का? तसं केलं तर रिसीव्हर एकमेकांना छेद देत पळतात आणि बचाववाले आपसात आपटतात. त्यावर यांनी काढलेला तोडगा असा: उभं राहायचं पट्टीवाल्यासारखं, पण रिसीव्हर पहिल्या काही यार्डांत काय करतो ते बघायचं. तो सरळ खोल गेला तर तो तुझा, त्याच्या मागे जा. तो आत वळला तर सोड, आतल्याला हाक दे, आणि पुढचा कोण येतोय ते बघ. कबड्डीत चढाईवाल्याच्या पायाच्या पहिल्या हालचालीवर साखळी कुठे वळायची ते ठरतं, त्यातलाच प्रकार. हे सगळं दीड-दोन सेकंदात, चार-पाच जणांनी एकाच वेळी आणि एकच उत्तर काढून करायचं. एकाने चुकीचं वाचलं की टचडाउन, म्हणजे समोरच्यांना थेट गुण. १९९४ मध्ये ब्राउन्सनी साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले.

असला बचाव शिकवायला स्वतः वाऱ्यासारखं पळता येणं लागत नाही. अकराच्या अकरा जणांना एकाच वेळी काय दिसतंय ते डोक्यात धरता आलं पाहिजे, आणि ते एकोणीस वर्षांच्या, रात्री उशिरा झोपलेल्या पोराला तीन शब्दांत सांगता आलं पाहिजे. जातिवंत खेळाडूला हे पुष्कळदा जमत नाही, कारण त्याचं अंग आपोआप ते करत आलेलं असतं. बाकावर बसून सामना बघणाऱ्या सेफ्टीला ते जमण्याची शक्यता बरी असते. बरी म्हणतोय, खात्री नाही. बाकावर बसून नुसतेच वैतागलेलेही खूप असतात.

पुढचं भराभर सांगतो, ते सगळीकडे लिहिलेलं आहे. १९९५ ते ९९ मिशिगन स्टेटचे हेड कोच. १९९८ मध्ये एक नंबरवर असलेल्या ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर २८-२४ ने हरवलं. त्या आठवड्यात विद्यापीठातले मानसोपचाराचे प्राध्यापक लायनेल रोझेन यांनी सुचवलं होतं, की गुणफलक बघू नका. एक प्ले, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव, साधारण सात सेकंद चालतो, तेवढाच खेळा, मग पुढचा. सेबन यांच्या शिकवण्याचा पाया पुढे हाच झाला. २००० ला लुइझियाना स्टेट, २००३ च्या हंगामात पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. मग मायामी डॉल्फिन्स हा व्यावसायिक संघ, तिथे दोन वर्षांत १५ विजय, १७ पराभव, म्हणजे अपयशच. डिसेंबर २००६ मध्ये ‘मी अलाबामाला जाणार नाही’ असं पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं आणि जानेवारीत गेले. लोकांनी खूप सुनावलं, आणि माझ्या मते बरोबरच सुनावलं. अलाबामात पहिल्याच वर्षी घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोसारख्या किरकोळ संघाकडून हरले. त्यानंतर २००९ ते २०२० मध्ये सहा विजेतेपदं. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. एवढ्या मोठ्या पदावर असतानाही सरावात ते कॉर्नरबॅक, म्हणजे मागच्या फळीत कडेला राहणाऱ्या, पोरांच्या घोळक्यात उभं राहून पाय कसा टाकायचा ते स्वतः दाखवायचे. ज्या जागी स्वतः खेळले, तिथलं शिकवणं त्यांनी कधी दुसऱ्यावर पूर्ण सोपवलं नाही.

पण ताई, सेबन यांचं नाव घेऊन मी तुम्हाला गाजर दाखवत नाहीये. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात १३० च्या वर संघ आहेत, म्हणजे हेड कोचच्या जागाही तेवढ्याच, आणि दर वर्षी शेकडो पोरं जीए म्हणून आत येतात. गणित उघड आहे. म्हणून जीएच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष काय करायचं असतं ते सांगतो. मुलाने ठरवायचं ते यावरून.

शनिवारी रात्री सामना संपतो. रविवारी पहाटे जीए आमच्या खोलीत असतो. आपल्या सामन्याची फिल्म खेळाडूंना गुण देण्यासाठी तयार करायची आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची फोड करायची. फोड म्हणजे प्रत्येक प्लेला नोंद: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूच्या रेघेवर आहे, किती रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), किती टाइट एंड, रचना कोणती, कुणी आधी हललं का, धावले की पास टाकला, बचाव कोणता होता. एका सामन्यात दीडशेच्या आसपास प्ले असतात आणि असे चार-पाच सामने. एक नोंद चुकली तर सोमवारी बचावाचे कोच जो तक्ता बघून बेत आखतात तो चुकतो. मग स्काउट कार्डं. प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक प्ले जाड मार्करने कागदावर काढायचा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मोठ्या फायलीत लावायचा आणि सरावात राखीव पोरांच्या घोळक्यासमोर धरायचा, म्हणजे ती पोरं आपल्या बचावासमोर हुबेहूब प्रतिस्पर्ध्यासारखी खेळतील. गार्डची, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूची, एक रेघ उजवीऐवजी डावीकडे गेली तर समोरचा लाइनबॅकर चुकीचं वाचायला शिकतो, आणि सगळ्यांसमोर बोलणी बसतात ती जीएला. यात पोरांना सकाळी उठवणं, विमानतळावरून भावी खेळाडूला आणणं, त्याच्या आईवडिलांना कॅम्पस फिरवणं, हेही आलं. आणि संध्याकाळी स्वतःचा मास्टर्सचा वर्ग, कारण ही जागा विद्यार्थी म्हणून नाव नोंदवल्याशिवाय मिळतच नाही. फी बहुतेक ठिकाणी माफ असते, वर थोडासा भत्ता. त्यात खोली भाड्याने घेऊन कसंबसं भागतं.

माझ्या पाहण्यात जी पोरं टिकली ती सगळी या रविवारच्या खोलीत रमणारी होती. ज्यांना शनिवारचा गजर, बँड, धुरातून धावत येणं हवं होतं, ती ऑक्टोबर संपेपर्यंत कंटाळली. खेळ सुटत नाही म्हणून कोचिंग धरणारे पुष्कळ येतात. तुमचा मुलगा त्यातला आहे का, हे त्याला थेट विचारू नका, तो नाहीच म्हणणार. हंगाम नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, तो फिल्म बघतो का ते बघा.

आता मधेच गाडी रुळावरून घसरली तर काय, यासाठी डाबो स्विनी यांचं उदाहरण. हेही स्कॉलरशिपशिवाय संघात शिरलेले, अलाबामाचे रिसीव्हर. घरची परिस्थिती बेताची, कॉलेजात असताना आई त्यांच्याच खोलीवर येऊन राहिली होती. १९९२ च्या विजेत्या संघात होते, मग तिथेच जीए, आणि त्या काळात त्यांनी एमबीए करून घेतलं. पूर्ण वेळ कोचही झाले. २००० चा हंगाम वाईट गेला, हेड कोचसकट सगळ्यांना घरी पाठवलं, आणि स्विनी यांना कुठेही काम मिळेना. मग दोन वर्षं बर्मिंगहॅमच्या एका रिअल इस्टेट कंपनीत शॉपिंग सेंटरमधले गाळे भाड्याने देण्याचं काम केलं. ते काम देणारे साहेब म्हणजे अलाबामाचेच जुने स्ट्रेंग्थ कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद वाढवून घेणारे. २००३ मध्ये क्लेमसनने बोलावलं, २००८ मध्ये हंगामाच्या मध्यावर हंगामी हेड कोच केलं. २०१६ आणि २०१८ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवलं ते सेबन यांच्या अलाबामाला. यातलं एमबीए लक्षात ठेवा. तुमच्या मुलाने जीए असताना कसली मास्टर्स करायची हा प्रश्न दुय्यम नाही. बरीच पोरं वेळ वाचावा म्हणून सोप्यातली सोपी पदवी घेतात आणि पंचविशीत हात हलवत बाहेर पडतात. इंजिनिअरिंग झालेल्या मुलाने डेटा सायन्स, स्टॅटिस्टिक्स असलं काहीतरी पकडावं. ते जड जाईल, पण दोन्हीकडे चालेल.

कारण धंदाही बदललाय. पूर्वी मैदानावर शिकवायला ठरावीक संख्येचेच कोच उतरू शकत. २०२४ मध्ये ती मर्यादा काढली, त्यामुळे विश्लेषक म्हणून खोलीत बसणारा माणूसही आता सरावात शिकवू शकतो. खेळाडूंना २०२१ पासून आपल्या नावावर कमाई करता येते, २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली आहेत, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, दर हिवाळ्यात अर्धा संघ बदलतो. मग कोणत्या खेळाडूला किती द्यायचे, कोण येतोय, कोण जातोय, याचा हिशेब ठेवणारा वेगळा विभागच उभा राहिला. आकड्यांची भीती नसलेल्या पोराला तिथे जागा आहे, आणि त्यांचा मुक्काम कोचेसइतका दर दोन वर्षांनी हलत नाही. दुसरी वाट शाळेची. टेक्ससमध्ये हायस्कूल फुटबॉल कोच हा सहसा शाळेचा पूर्ण वेळ शिक्षक असतो, पगार नियमित, घर एका गावात. गणित किंवा विज्ञान शिकवू शकणारा कोच तिथे लगेच उचलतात. आपल्याकडे या वाटेला कुणी करिअर म्हणत नाही. मी म्हणतो.

तर माझं मत: जाऊ द्या त्याला. मुलगा इथेच जन्मलेला आहे म्हणता, म्हणजे व्हिसाची कटकट नाही, डोक्यावर कर्ज नाही, आणि फी माफ होऊन मास्टर्स होत असेल तर दोन वर्षं वाया जात नाहीत. नोकरी देऊ करणाऱ्या कंपनीला रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येईल का हे मात्र त्याने विचारावं. नाही म्हणाले तर म्हणाले. दोन वर्षांच्या शेवटी पूर्ण वेळ जागा मिळाली नाही तर पुन्हा दुसऱ्या ठिकाणी जीए व्हायचं नाही, एवढं बाबांनी आताच कबूल करून घ्यावं. मी तिशीपर्यंत भत्त्यावर राहिलेली पोरं पाहिली आहेत, तिथून परत फिरणं फार अवघड जातं.

होकार देण्याआधी हेड कोचला काही गोष्टी विचारायला सांगा, लाज न बाळगता. फी पूर्ण माफ आहे की अर्धी, उन्हाळ्यातही भत्ता मिळतो का, तो सेफ्टींच्या खोलीत काम करणार की नुसती कार्डं काढणार, आणि कोचचा स्वतःचा करार अजून किती वर्षांचा आहे. हा शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल, पण हेड कोच गेला की बहुतेक सगळी माणसं बदलतात, आणि जीए मास्टर्सच्या मध्यावर लटकतो. शिवाय मागच्या पाच-सहा वर्षांतले त्यांचे जीए आज कुठे आहेत ते विचारायचं आणि त्यातल्या दोघांचे फोन नंबर मागायचे: एक या धंद्यात टिकलेला, एक सोडून गेलेला. दुसऱ्याला आधी फोन करायचा, आणि त्या वेळी फोन स्पीकरवर ठेवून मुलाच्या बाबांनाही शेजारी बसवायचं.